उसाची साखर आणि धातूंचे उत्प्रेरक

श्रोतेहो, नमस्कार.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिक्कोडी, अथणीपासून हुक्केरी, गोकाकपर्यंतचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात आणि चार माणसे जमली की टनाला दर किती आणि उतारा किती, हेच बोलणे निघते. उसापासून साखरेखेरीज आणखी काय मिळते असे कोणी विचारले, तर ठरलेले उत्तर येते : मळीपासून, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकापासून, अल्कोहोल. उत्तर बरोबर आहे. पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्यात मोठी घट आहे, आणि धातूंच्या उत्प्रेरकांचे, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांचे, महत्त्व त्या घटीवरूनच चांगले कळते.

यीस्ट 180 ग्रॅम ग्लुकोजचे फार तर 92 ग्रॅम अल्कोहोल करते. उरलेले 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन टाकीतून निघून जातात. त्याच 180 ग्रॅम ग्लुकोजला निकेलच्या सान्निध्यात 2 ग्रॅम हायड्रोजन दिला, तर 182 ग्रॅम सॉर्बिटॉल मिळते. हा कागदावरचा हिशेब असला, तरी कारखान्यातही त्याच्या अगदी जवळ पोहोचता येते. टूथपेस्ट ट्यूबमध्ये वाळू नये म्हणून तिच्यात घालतात ते हेच सॉर्बिटॉल; शिवाय 1930 च्या दशकात स्विस रसायनशास्त्रज्ञ राइकस्टाइन यांनी क जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार करण्याची जी रीत बसवली, तिची पहिली पायरीही हीच आहे.

बारीक वाटलेल्या निकेलवर सेंद्रिय पदार्थांना हायड्रोजन जोडता येतो, हे फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी दाखवले आणि त्याबद्दल त्यांना 1912 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1920 च्या दशकात मरे रेनी या अमेरिकी अभियंत्याने निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू करून तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकला. ॲल्युमिनियम विरघळून गेले आणि मागे अतिसूक्ष्म छिद्रांनी पोखरलेले निकेल उरले. डोळ्यांना ती करड्या रंगाची भुकटी दिसते. ती कायम पाण्याखाली ठेवावी लागते, कारण कोरडी होऊन हवेत आली तर स्वतःहून पेटते. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग उलगडून मांडला, तर तो सुमारे 100 चौरस मीटर, म्हणजे आपल्या एका गुंठ्याएवढा भरतो. या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटून त्याचे दोन अणू सुटे होतात, साखरेचा रेणू तेथे टेकला की ते त्याला जोडले जातात, आणि तयार झालेले सॉर्बिटॉल बाजूला झाले की ती जागा पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. त्यासाठी शंभर अंश सेल्सियसहून अधिक तापमान आणि हवेच्या दाबाच्या कित्येक पट दाब लागतो. निकेल थोडे थोडे द्रावणात उतरते आणि ते पुन्हा काढून टाकावे लागते, म्हणून आता रुथेनियम वापरण्याकडे कल आहे. तो धातू फारच महाग, पण कामाला अधिक तेज आणि सहसा न विरघळणारा.

आपल्याकडची साखर मात्र ग्लुकोज नव्हे, सुक्रोज आहे. तिला जशीच्या तशी हायड्रोजन जोडता येत नाही. आधी आम्लाने किंवा विकराने (एन्झाइमने) तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करावे लागतात. यातील फ्रुक्टोजपासून साधारण निम्मे सॉर्बिटॉल आणि निम्मे मॅनिटॉल होते. मेंदूला सूज आली असता रुग्णाला शिरेतून देतात ते मॅनिटॉल हेच. पाण्यात ते सॉर्बिटॉलपेक्षा बरेच कमी विरघळते, त्यामुळे द्रावण थंड करताच त्याचे स्फटिक आधी खाली बसतात आणि ते वेगळे काढणे सोपे जाते. मक्याच्या स्टार्चपासून सॉर्बिटॉल करणाऱ्यांना हा जोडमाल सरळ हाती लागत नाही. माझ्या मते उसाची खरी जमेची बाजू असेल तर ती येथे आहे.

अडचण आहे ती गंधकाची. आपल्या देशातील बहुतेक कारखाने रस आणि पाक शुभ्र करण्यासाठी चुन्याबरोबर गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, वापरतात. त्याचे अवशेष शेवटी मळीत साठतात. मळीत जवळजवळ निम्मी साखर असते खरी, पण तिच्यासोबत पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षारही येतात. यीस्ट हे सगळे बऱ्यापैकी सोसते. धातू सोसत नाही. गंधकाचा अणू निकेलवर किंवा रुथेनियमवर एकदा चिकटला की ती जागा सोडत नाही, आणि अत्यल्प गंधकानेही तो सगळा गुंठा हळूहळू निकामी होतो. मळी रेझिनच्या, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, स्तंभांतून गाळून शुद्ध करता येते. परंतु ती रेझिने पुन्हा कामाला आणताना आम्ल, कॉस्टिक आणि खारट सांडपाणी यांचा जो खर्च बसतो, त्यात मळीचा स्वस्तपणा संपून जातो. म्हणून मळीच्या मागे लागण्यापेक्षा गंधक न वापरता स्वच्छ केलेला रस किंवा पाक थेट घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, जरी त्या वेळी त्याची तुलना साखरेच्या बाजारभावाशी करावी लागली तरी.

चिपाडाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यातील झायलोज या साखरेपासून याच रीतीने झायलिटॉल होते, आणि 2008 साली चीनमधील दालियन येथील संशोधकांनी निकेलची जोड दिलेल्या टंगस्टन कार्बाइडवर सेल्युलोजपासून, म्हणजे चिपाडातही असणाऱ्या तंतुमय पदार्थापासून, थेट इथिलीन ग्लायकॉल हे पॉलिएस्टरसाठी लागणारे रसायन मिळवले. पण आपल्या कारखान्यांत चिपाड आधीच बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देते, तेव्हा ते तेथून काढायचे तर बॉयलरला दुसरे इंधन द्यावे लागेल. हायड्रोजनही आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच तयार होतो, आणि तो कोठून आणायचा हे ठरल्याशिवाय किलोमागचा खर्च काढता येणार नाही.