पोपला वेगळा न्याय कशासाठी?

मंडळी, निवडणुकीचा हंगाम आला की आपल्याकडच्या अग्रलेखांत एकोणिसाव्या शतकातले इंग्रज इतिहासकार लॉर्ड ॲक्टन हमखास डोकावतात. सत्तेचा कल माणसाला भ्रष्ट करण्याकडे असतो आणि अनिर्बंध सत्ता तर त्याला पुरतं भ्रष्ट करते, हे त्यांचं वाक्य. विरोधी बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला ते मनापासून पटतं. पण हे वाक्य त्यांनी कुठल्या मंत्र्याला किंवा राजाला उद्देशून लिहिलेलं नाही. १८८७ च्या एप्रिलमध्ये एका इतिहासकाराने दुसऱ्या इतिहासकाराला लिहिलेल्या खाजगी पत्रात ते आलंय. त्या पत्रातली तक्रार आहे इतिहास लिहिणाऱ्यांबद्दल, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

पत्र ज्यांना गेलं ते मँडेल क्राइटन. केंब्रिजला चर्चच्या इतिहासाचे प्राध्यापक, स्वतः अँग्लिकन धर्मगुरू, पुढे लंडनचे बिशप झाले. धर्मसुधारणेच्या काळातल्या पोपांचा इतिहास ते खंडाखंडाने लिहीत होते. त्यातल्या दोन नव्या खंडांचं परीक्षण ॲक्टन यांनी लिहिलं, तेही क्राइटन ज्या नियतकालिकाचे संपादक होते त्यासाठीच! परीक्षण चांगलंच झोंबणारं होतं. क्राइटन यांनी ते छापलं. स्वतःच्या पुस्तकावरची अशी टीका स्वतःच्याच अंकात छापणारे संपादक तेव्हाही फार नसावेत. त्या निमित्ताने दोघांत जो पत्रव्यवहार झाला, त्यात हे वाक्य येतं.

आता यातली गंमत बघा. पोपांना सांभाळून घेणारा माणूस प्रॉटेस्टंट, आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा म्हणणारा पक्का कॅथलिक. ॲक्टन १८३४ मध्ये नेपल्समध्ये जन्मले. आजोबा तिथल्या राजाचे पंतप्रधान होते. कॅथलिक म्हणून केंब्रिजने त्यांना प्रवेश नाकारला, मग ते म्युनिकला डोलिंगर या विद्वान धर्मगुरूंकडे शिकले. (त्याच केंब्रिजने १८९५ मध्ये त्यांना इतिहासाचं मानाचं अध्यासन दिलं.) राजकारणात ते यथातथाच. आयर्लंडमधल्या कार्लोचे सहा वर्षं खासदार होते, सभागृहात क्वचितच बोलले. पुढची निवडणूक ब्रिजनॉर्थमधून एका मताने जिंकले आणि फेरतपासणीत ती जागाही गेली. उमरावपद मिळालं ते ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या स्नेहामुळे.

त्यांची खरी राजकीय लढाई झाली रोममध्ये. १८६९ च्या डिसेंबरमध्ये नवव्या पायस पोपनी जगभरच्या बिशपांची परिषद भरवली. पोप आपल्या सर्वोच्च अधिकाराने श्रद्धा आणि नीतीबद्दल जे जाहीर करतील ते चुकूच शकत नाही, असं तिथे ठरवून घ्यायचं होतं. ॲक्टन तिथे ठाण मांडून बसले. विरोधी बिशपांना एकत्र आणायचं, ग्लॅडस्टनना पत्रं लिहायची, डोलिंगर यांना आतल्या बातम्या पुरवायच्या, असं त्यांचं काम चालू होतं. डोलिंगर त्या बातम्यांच्या आधारे टोपणनावाने जर्मन वर्तमानपत्रात लिहीत. १८ जुलै १८७० ला मतदान झालं: बाजूने ५३३, विरोधात २. विरोधकांपैकी बहुतेक जण आधीच रोम सोडून गेले होते, पोपच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. पुढच्या वर्षी डोलिंगर बहिष्कृत झाले. ॲक्टन वाचले, आणि मरेपर्यंत कॅथलिकच राहिले. सत्तेपुढे भली भली माणसं कशी गप्प होतात, हे त्यांनी ग्रंथालयात बसून शोधलं नव्हतं. आपल्याच धर्मसंस्थेत, आपल्याच मित्रांमध्ये त्यांनी ते पाहिलं होतं.

म्हणून क्राइटन यांचा समजूतदार सूर त्यांना सहन झाला नाही. चौथ्या सिक्स्टस पोपनी १४७८ मध्ये स्पेनच्या राजाराणीला इन्क्विझिशनची परवानगी दिली. हा शब्द आपल्याला गोव्यामुळे ओळखीचा आहे. पोर्तुगीजांनी आणलेलं ते धर्मन्यायालय तिथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, चालू होतं. ॲक्टन क्राइटनना लिहितात, तुम्ही पोपांचा कठोरपणा योग्य होता असं म्हणत असता तर एक वेळ समजलं असतं, पण तुम्ही तर कठोरपणा होता हेच सांगत नाही! छळाची कोठडी आणि जाळायचा खांब तुमच्या पुस्तकात दिसतच नाहीत.

पुढचा मजकूर तर आणखी कडक आहे. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीचा खून करणारा राव्हायाक हा कुणी ऐरागैरा होता. त्याला फाशी द्यायला तुम्ही एका पायावर तयार व्हाल. पण इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने कैदेतल्या स्कॉटलंडच्या राणी मेरीला परस्पर मारून टाकायला तुरुंगाधिकाऱ्याला सुचवलं, इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यम राजाने स्कॉटलंडमधलं एक अख्खं कूळ संपवायचा हुकूम दिला, हे ऐकतो ते खरं असेल तर त्यांना का सोडायचं? मी तर त्यांना आणखी उंच टांगीन. याच्या जरा आधीच ॲक्टन म्हणून गेलेत, पदामुळे माणूस पवित्र होतो यापेक्षा वाईट पाखंड दुसरं नाही.

आपल्याकडे म्हण आहे, राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची? ॲक्टन यांच्याकडे निदान राजाच्या बाबतीत उत्तर होतं. राजाला आणि पोपला कोर्टात खेचता येत नाही, म्हणून ते काम इतिहासाचं. त्यांनी चूक केली नसेल असं आधीच धरून चालायचं नाही. काही धरायचंच असेल तर उलट धरा, आणि सत्ता जितकी मोठी तितका संशय वाढवा. मला हे त्या प्रसिद्ध वाक्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं. ते वाक्य सत्ताधाऱ्यांवर बोट दाखवतं, हे आपल्यावर येतं. चरित्रं लिहिणारे, पुतळे उभारणारे, शताब्द्या साजऱ्या करणारे आपणच ना?

मग हाच नियम खुद्द ॲक्टनना लावून पाहू. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ते फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजूचे होते. १८६६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी हरलेल्या सेनापती रॉबर्ट ली यांना पत्र पाठवलं. राज्यांचे स्वायत्त हक्क हाच केंद्राच्या निरंकुश सत्तेला खरा लगाम होता, असं त्यात आहे. नेपोलियन हरला त्या वॉटर्लूला जे वाचलं त्याच्या आनंदापेक्षा दक्षिणेची राजधानी रिचमंडला जे गमावलं त्याचं दुःख आपल्याला मोठं आहे, असंही आहे. युक्तिवाद त्यांच्या एकूण विचारात नीट बसतो. सत्ता विभागलेली हवी, बहुमताचा जुलूमही जुलूमच, हे ते जन्मभर सांगत आले. पण १८६० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते, बहुतेक सगळे दक्षिणेत. मालकाची गुलामावर असते त्याहून अनिर्बंध सत्ता कुठली? वॉशिंग्टनची सत्ता ॲक्टनना समुद्रापलीकडून दिसली, कापसाच्या मळ्यातल्या धन्याची दिसली नाही.

यावर त्यांचे चाहते म्हणतात, काळच तसा होता. ॲक्टन जन्मले त्याच १८३४ सालात ब्रिटिश साम्राज्याच्या बऱ्याच भागात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला होता. आणि काळच तसा होता, हे तर क्राइटनही पोपांबद्दल म्हणत होते.