कूपर क्रीकच्या काठावर मुक्काम

(दृश्य: लाल मातीचा रस्ता. टपावर सामान बांधलेली गाडी धूळ उडवत येते.)

ॲडलेड सोडून हजाराहून जास्त किलोमीटर झाले. त्यातले शेवटचे साडेचारशेच्या वर या स्ट्रझलेकी ट्रॅकचे. काही भागात आता डांबर पडलंय, पण उरलेल्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी करून बेताच्या वेगानेच जावं लागतं. पाऊस झाला की रस्ता बंद होतो, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. म्हणून इथे येणारी कुटुंबं ठरल्यापेक्षा जास्त दिवसांचं पाणी आणि शिधा सोबत ठेवतात.

(दृश्य: झाडांची हिरवी रेघ. पांढऱ्या कोरेला पक्ष्यांचा थवा.)

हे इनामिंका, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं एवढंसं गाव. इथे वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या माणदेशातही याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरीही गावाजवळचा हा कलियामरा डोह सुमारे 28 मीटर खोल आहे आणि तो कधी आटल्याचं कोणाला माहीत नाही.

हे पाणी इथलं नाही. ते शेकडो किलोमीटर वर, क्वीन्सलँडमध्ये पडतं. थॉमसन आणि बार्कू या नद्या विंडोराजवळ मिळतात आणि तिथून ही नदी, कूपर क्रीक, सुरू होते. पुढे ती असंख्य फाट्यांमध्ये पसरते. जमीन इतकी सपाट, की पुराचं पाणी इथे पोचायला कित्येक आठवडे लागतात. वरती आभाळ फाटलेलं असतं, आणि इथे लख्ख उन्हात नदी चढत जाते. याच्याही पुढे, समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या काटी थांडा-लेक एअर या सरोवरापर्यंत तिचं पाणी फार थोड्या वर्षी जातं.

(दृश्य: तंबू उभारणारे आईबाबा, काठावर मुलं.)

तंबू कुठे लावायचा हे नीट पाहायला हवं. काठावरचे हे भव्य रिव्हर रेड गम सावलीला बोलावतात, पण वारा नसतानाही त्यांची भलीमोठी फांदी कोसळते. म्हणून तंबू झाडापासून दूर, मोकळ्यावर. किंबर्लीसारख्या उत्तरेकडच्या मुलखात नदीकाठी मगरींची धास्ती असते. इथे मगरी नाहीत. तरी डोह खोल आहे. मुलं पाण्याजवळ असली की एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडेच बघायचं. जून-जुलैत दुपारी ऊन आणि माश्या, रात्री दात वाजवणारी थंडी. गळाला यलोबेली लागला तर जेवण मजेत, नाहीतर खिचडी आहेच.

(दृश्य: ओलसर मातीत चार पानांची लहान वनस्पती.)

ही नार्डू. एक प्रकारचं नेचं. आपल्या भातखाचरांत उगवणारी चार पानांची मार्सिलिया हिच्याच कुळातली. मुलांना ती जरूर दाखवा, तोंडात मात्र घालू देऊ नका. याच वनस्पतीशी 1861 सालची एक गोष्ट जोडलेली आहे.

बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांची मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली होती. तिचे बरेचसे उंट तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीहून जहाजाने आणलेले, सोबत उंटवालेही. उत्तर टोकाजवळ जाऊन बर्क, विल्स आणि त्यांचा सोबती किंग 21 एप्रिलच्या संध्याकाळी कूपरवरच्या आपल्या तळावर परतले. चार महिने वाट पाहून तळावरची माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. झाडाखाली थोडा शिधा पुरलेला होता. ते झाड, डिग ट्री, आजही उभं आहे.

पण मला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढचं. इथले मूळ रहिवासी, यांद्रुवांधा, त्यांना मासे आणि नार्डूची भाकर देत होते. एका क्षुल्लक वादात बर्कने बंदूक चालवून त्यांना हुसकावलं. मग या तिघांनी स्वतःच नार्डू गोळा केली, दळली, खाल्ली आणि पोट भरूनही ते खंगत गेले. नार्डूतलं एक द्रव्य शरीरातलं ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. यांद्रुवांधा ती भाजून, पाण्याबरोबर वाटून हा दोष घालवत. मासळीने भरलेल्या नदीच्या काठी बर्क आणि विल्स त्या हिवाळ्यात दगावले. आजच्या काही अभ्यासकांच्या मते त्याला बेरीबेरीचा, म्हणजे ब-1 कमी पडल्याने होणाऱ्या आजाराचा, हातभार लागला असावा.

किंग यांद्रुवांधांकडे गेला. त्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं, खाऊ घातलं. सप्टेंबरमध्ये शोधपथक आलं तेव्हा तो जिवंत होता.

(दृश्य: नदीकाठची साधी खूण, तिच्याकडे जाणारी पायवाट.)

बर्क आणि विल्स यांचे पुतळे मेलबर्नमध्ये उभारले गेले. यांद्रुवांधांचा या भूमीवरचा हक्क न्यायालयाने मान्य केला तो 2015 साली. म्हणून मुलांना घेऊन उद्या आधी जायचं ते किंग सापडला त्या जागी. डिग ट्री सरहद्दीपलीकडे, क्वीन्सलँडमध्ये आहे. रस्ता उघडा असेल तर तिकडे दुपारनंतर.