वास बोनेटखालून, वाट काचेखालून

(दृश्य : वर्कशॉप. रात्रभर उभी असलेली डिझेल गाडी, बोनेट बंद.)

या गाडीची तक्रार एका वाक्यात मावते. सिग्नलला थांबलं की आत धुराचा वास येतो आणि गाडी पळायला लागली की जातो. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही, स्कॅनरमध्ये फॉल्ट कोड नाही, पिकअप आणि अ‍ॅव्हरेजही ठीक आहे. तरी एवढ्यात केबिन फिल्टर बदलून झालाय, एसीची कॉइल धुऊन झालीय आणि डॅशबोर्डवर अत्तराची बाटली आली आहे. फिल्टर धूळ अडवतो. त्यात सक्रिय कार्बन असेल तर थोडा वासही शोषतो. पण धूर कुठून सुटतोय हे शोधायचं काम त्याचं नाही. ते ज्याचं आहे तो माणूस अजून पान्याला हात लावत नाही. तो आधी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसतो.

(दृश्य : इंजिन चालू. बोट रिसर्क्युलेशनच्या बटणावर.)

बाहेरची हवा आत येऊ दिली, ब्लोअर मोठा केला आणि वास आला. मग बटण दाबून आतलीच हवा फिरवली, तर थोड्या वेळात तो विरला. या एका बटणाने अर्धी गाडी संशयातून सुटली. धूर ब्लोअर ओढून घेतोय आणि ब्लोअर हवा घेतो पुढच्या काचेखालच्या जाळीतून.

बटण दाबूनही वास तसाच राहिला असता, तर शोध गाडीखाली गेला असता : फ्लोअरमधली निघालेली बुचं, वायरिंगची फाटकी ग्रोमेट. आणि मागे डिकीचं रबर. पळत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो आणि फट मिळाली की डिकीतून आत येतो. मागची काच थोडी उघडी ठेवणाऱ्यांना तो हमखास भेटतो. या गाडीचं उलट आहे. ती उभी असताना वास येतो, कारण उभ्या गाडीत बोनेटखालची गरम हवा वर चढते आणि वर नेमकी ती जाळी असते.

वासातही फरक असतो. कच्च्या डिझेलचा वास आला तर इंजेक्टरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचे, रिटर्न पाइप बघायचे. तेल जळल्याचा आला तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल धूर गोळा करणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकत असतं. गोडसर वास कूलंटचा. इथला वास नाकात झोंबणारा आहे, सायलेन्सरमागे उभं राहिल्यावर येतो तोच.

(दृश्य : इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर उचललं जातं. कॅमेरा हळूहळू जवळ.)

हे बघा.

चार इंजेक्टर एका रांगेत. तीन कोरडे, थोडे धुळकट. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरभोवती मात्र डांबर ओतल्यासारखा काळा थर. ही जळलेल्या इंधनाची काजळी आहे. ती साचत गेली आणि इंजिनाच्या उष्णतेने भाजून कडक झाली. स्क्रूड्रायव्हर टोचला तर तुकडा उडतो. वरच्या कव्हरने हे सगळं झाकून ठेवलं होतं. ही कव्हरं आवाज कमी करतात, इंजिन देखणं दिसतं, आणि सर्व्हिसिंगला आलेल्या कित्येक गाड्यांची ती निघतच नाहीत.

इथे घाईचा माणूस थांबला असता. चारही इंजेक्टर बदला म्हणाला असता. काळा थर दिसला म्हणून इंजेक्टर खराब ठरत नाही. त्याच्या बुडाशी सील निकामी झालंय, एवढंच त्यातून कळतं. आणि गळती एकच आहे हे तर अजून कोणी तपासलेलंच नाही.

(दृश्य : सायलेन्सरच्या टोकाला रबरी शंकू. पांढरा धूर.)

हे स्मोक मशीन. ते तेल तापवून दाट पांढरा धूर करतं आणि अगदी कमी दाबाने तो थंड, बंद इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये सोडतं. आता नुसतं बघायचं. मॅनिफोल्डचं पॅकिंग, टर्बोच्या तोंडाचा क्लॅम्प, त्याखालचा जाळीदार फ्लेक्सिबल पाइप, जळका वायू परत इंजिनाकडे नेणारा ईजीआरचा पाइप आणि त्याचा कूलर. टॉर्च प्रत्येक जोडावर फिरते. कुठेच काही नाही. मग डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या बोटभर जाडीच्या रबरी नळीपाशी एक बारीक रेघ वर येते. नळी टोकाला तडकली आहे. कोणाला सहज सापडली नसती अशी जागा.

आणि तिसऱ्या इंजेक्टरपाशी? तिथे धूर नाही. पडद्यावर धुराच्या वेटोळ्या छान दिसतात, पण या मशीनची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. धूर मागून येतोय आणि त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असेल तर तो इंजेक्टरपर्यंत पोचणारच नाही. इंजेक्टरचं सील फुटतं ते ज्वलनाच्या दाबाखाली, आणि तो दाब १०० बारच्या वर जातो. मशीनचा धूर त्यापुढे फुंकर आहे. म्हणून इथे जुनी रीत.

(दृश्य : स्प्रेची बाटली. साबणाचं पाणी. स्टार्टर फिरतो.)

इंजिन थंड असतानाच हे करायचं. तापल्यावर धातू फुगतो आणि लहान फटी मिटतात. कान दिलात तर आवाज ऐकू येईल : छक, छक, छक, एकाच सिलिंडरच्या तालावर. आणि फेस उसळतो तो फक्त तिसऱ्यापाशी. आता संशयाला जागा नाही.

(दृश्य : बाकावर इंजेक्टर. शेजारी तांब्याचा जुना वॉशर.)

इंजेक्टर बाहेर आला आहे. सगळा घोळ या तांब्याच्या चकतीचा. जाडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर. इंजेक्टर खाली आवळला की मऊ तांबं दबतं आणि बैठकीवर घट्ट बसतं. एकदा दबलेलं तांबं कडक होतं. तीच चकती पुन्हा घातली की ती नीट दबत नाही. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत इंजेक्टर काढून जुन्याच वॉशरवर बसवला असावा. या चकतीवर एका बाजूने काळी वाट खोदलेली दिसते. वायू तिथून निसटत होता.

(दृश्य : बोअरस्कोप. भोकाच्या तळाशी बैठक, आधी काळी, मग चकचकीत.)

नवा वॉशर टाकून काम संपत नाही. बैठकीवर काजळीचा एक कण राहिला तरी गळती परत येते. म्हणून हा हाताने फिरवायचा कटर. त्याच्या धारेला ग्रीस फासलंय, म्हणजे कातलेला कचरा त्यालाच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. दोन-तीन हलके फेरे, बाहेर काढून पुसायचा, कॅमेरा आत घालून बघायचं, पुन्हा फेरे. जोर लावायचा नाही, कारण जास्त कातलं तर इंजेक्टर ठरलेल्यापेक्षा खोल बसेल. हे काम मोटरने लवकर होत नाही, आणि बिलावर त्याची वेगळी ओळही दिसत नाही.

वॉशर त्याच जाडीचा, नवा. आवळायचा बोल्टही नवा, कारण तो ताणून बसवायचा असतो. टॉर्क रेंचने ठरलेला जोर आणि मग ठरलेला कोन. इंजेक्टर तोच आणि तिसऱ्याच सिलिंडरला, कारण त्याचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, त्या जागेवर नोंदलेला आहे. प्रेशर पाइप मात्र घरी उघडू नका. चालू इंजिनात त्या पाइपमधला डिझेलचा दाब १००० बारच्या कितीतरी पुढे जातो आणि ती धार कातडी भेदते.

धुराचं म्हणाल तर डोकं जड होतं, मळमळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं; वास येत असेल तर गाडी दुरुस्त होईपर्यंत सगळ्या काचा पूर्ण खाली ठेवून चालवा.

(दृश्य : बोनेटच्या मागच्या कडेची काळी रबरी पट्टी. एक टोक लोंबतंय.)

गळती मिटली. पण बोनेटखाली सुटलेला धूर त्या जाळीपर्यंत पोचलाच कसा? तो पोचू नये म्हणून तर ही पट्टी असते. बोनेट बंद झाला की ती दबते आणि इंजिनाची हवा काचेकडे जाऊ देत नाही. हिची दोन क्लिपं नाहीत, आणि ड्रायव्हरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट आहे. इंजेक्टर बदलणाऱ्याने ही पट्टी कधी पाहिलीच नसती. नव्या इंजेक्टरनेही वास गेलाच असता, पण पुढची लहानशी गळतीसुद्धा पुन्हा थेट केबिनमध्ये आली असती.

(दृश्य : क्लिपा बसतात. सेन्सरची नवी नळी. बोनेट बंद.)

इंजिन चालू, बाहेरची हवा चालू, ब्लोअर मोठा. मेकॅनिक आत बसून राहतो. वास नाही. तरी वरचं कव्हर त्याने बाकावरच ठेवलंय. गाडी फिरवून पूर्ण तापवायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला तिसऱ्या इंजेक्टरवर साबणाचं पाणी परत मारायचं. फेस आला नाही तर कव्हर बसेल.