शेवटचा धावपटू येईपर्यंत

[दृश्य: काळोख. डोंगरउतारावरून हेडलॅम्पचे दोन ठिपके हळूहळू खाली सरकताहेत.]

पहिला नंबर येऊन आठ तास उलटले. फोटो झाले, टाळ्या झाल्या, विजेता घरी जाऊन झोपलासुद्धा असेल. तरी कमान उभी आहे, घड्याळ चालू आहे. अँब्युलन्सचा ड्रायव्हर जागा आहे. सगळे वाट बघताहेत ती शेवटच्या धावपटूची. शर्यती भरवण्याच्या या व्यवसायाचा हिशेब त्याच्याच पावलांवर चालतो.

[दृश्य: टेबलावर नकाशा, वही, मोजणीचं यंत्र लावलेली सायकल.]

लांब पल्ल्याची शर्यत भरवायची म्हटलं की नवा आयोजक आधी मेडलचं डिझाइन काढतो. खरं तर आधी ठरवायला हवा तो कट-ऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची शेवटची मुदत. शंभर किलोमीटरला सोळा तास द्यायचे की वीस? वरचे चार तास म्हणजे स्वयंसेवकांची आणखी एक पाळी, डॉक्टरांची आणखी एक पाळी, रस्त्यावर तेवढा जास्त बंदोबस्त. पण कट-ऑफ आवळला, तर हळू धावणारे नाव नोंदवत नाहीत. आणि प्रवेश शुल्काचा मोठा वाटा त्यांच्याकडूनच येतो.

खर्चाचे दोन ढीग असतात. परवानगी, विमा, अँब्युलन्स, टायमिंग, खुणांच्या फिती हा पहिला. पन्नास जण आले काय नि तीनशे आले काय, तो फारसा हलत नाही. बिब (छातीवरचा नंबर), मेडल, टी-शर्ट, पाणी हा दुसरा. तो माणसागणिक वाढतो. पहिल्या वर्षी आयोजक बुडतो तो बहुतेक पहिल्या ढिगाखाली.

त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लूप. पाच-सहा किलोमीटरचा एकच फेरा, पुन:पुन्हा. पाणी द्यायची एकच जागा, एक वैद्यकीय तंबू, आणि कोण मागे पडलंय ते दर फेरीला कळतं. बॅकयार्ड अल्ट्रा या प्रकारात हीच सोय शर्यतीचा आत्मा झाली: दर तासाला 6.706 किलोमीटर, शेवटी एकच जण उरेपर्यंत. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला 24 ने गुणा. बरोबर 100 मैल.

[दृश्य: जुन्या शर्यतीची कृष्णधवल छायाचित्रं.]

सुरुवात लहान असण्यात कमीपणा नाही. 1970 मध्ये न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये गोल गोल फिरून झाली. धावले 127, पोहोचले 55, प्रवेश शुल्क एक डॉलर. शहराच्या पाचही भागांतून जायला तिला 1976 उजाडलं.

कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची गोष्ट मला जास्त भावते. 1982 मध्ये तिथली क्लायमॅक्स खाण बंद पडली आणि गावाचा कणाच मोडला. केन क्लोबर हा तिथला खाणकामगार. त्याने ठरवलं, 100 मैलांची शर्यत भरवायची. त्यात गणित साधं होतं: रात्रभर चालणारी शर्यत म्हणजे येणारा माणूस गावात मुक्काम करणारच. 1983 मध्ये 45 जण उभे राहिले, जवळजवळ 3,100 मीटर उंचीवर. पुढे त्याच शर्यतीतून सायकलच्या आणि कमी अंतराच्या शर्यती फुटल्या, आणि 2010 मध्ये एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली.

सगळ्यांनाच गर्दी वाढवून मोठं होता येत नाही. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत संरक्षित रानातून जाते, म्हणून धावपटू सुमारे 369 वरच अडतात. पण तिथे उतरायचं तर आधी 8 तास स्वयंसेवा करून यावं लागतं. पैसे न वाढवता मनुष्यबळ वाढवण्याची ही युक्ती कुठलाही छोटा आयोजक उचलू शकतो.

[दृश्य: सायकलचं चाक रस्त्याच्या कडेने फिरतंय.]

अंतर मात्र पक्कं हवं. पाणी कोमट निघालं तर धावपटू कुरकुरतो आणि विसरतो. अंतर कमी भरलं तर कधीच विसरत नाही. न्यूयॉर्कचा 1981 चा मार्ग नंतर मोजला तेव्हा 148 मीटर कमी निघाला आणि अल्बर्टो सालाझारचा विश्वविक्रम गेला. म्हणून मोजणी करताना दर किलोमीटरला एक मीटर जास्तच धरतात. (मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरऐवजी घड्याळात 42.7 दाखवतंय म्हणून भांडायला येणारे तरीही येतात. वळणं बाहेरून घेतली की तेवढं होतं.)

[दृश्य: डोंगरावर ढग उतरताहेत. वारा.]

आणि हवामान. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सूमध्ये 100 किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट आणि वादळी वारा सुटला. 172 पैकी 21 धावपटू गारठून मृत्युमुखी पडले. ज्या टप्प्यात वादळाने त्यांना गाठलं, तिथे वाहन पोहोचणं अवघड होतं. नकाशावर मार्ग आखताना देखावा नंतर बघावा. आधी बघावं, माणसाला खाली कुठून आणणार. शर्यत कधी थांबवायची, कोणी थांबवायची आणि पैसे परत देणार की पुढच्या वर्षीची जागा, हेही नोंदणी उघडण्याआधीच छापलेलं बरं. ऐन वादळात ठरवायला बसलं की जमा झालेलं शुल्क मध्ये येतं.

प्रायोजकाचं एवढंच: त्याचा पैसा आला तर उत्तम, पण बजेट त्याच्यावाचून जमलं पाहिजे.

[दृश्य: कमानीखाली घड्याळ. ठिपके आता जवळ आलेत.]

एक धावपटू, त्याच्या मागे झाडू हातात घेतल्यासारखा चालणारा स्वीपर, म्हणजे सगळ्यात मागे राहून मार्ग आवरत येणारा स्वयंसेवक. त्याने वाटेतल्या सगळ्या फिती काढून खांद्यावर टाकल्यात. कट-ऑफला अकरा मिनिटं बाकी. आयोजक खुर्चीतून उठतो आणि खिशातून एक मेडल काढतो.