आभाळ भरलेलं असताना डाव घोषित करणं

(दृश्य: इंदूर, रेसकोर्स रोड. होळकर स्टेडियमचं प्रवेशद्वार, मग आतली रिकामी खेळपट्टी.)

इंदूरचं होळकर स्टेडियम. 15 नोव्हेंबर 2019. कसोटीचा दुसरा दिवस मावळतीला लागलाय. बांगलादेशाचा पहिला डाव 150 धावांत आटोपलाय, मयंक अगरवाल 243 धावा काढून परतलाय आणि खेळायला आलाय उमेश यादव. 10 चेंडू, 25 धावा, तीन उत्तुंग षटकार. भारताच्या दिवसभरात 407 धावा, एकूण 6 बाद 493.

तिसऱ्या दिवशी सकाळी भारताचे फलंदाज मैदानात उतरलेच नाहीत. विराट कोहलीनं रात्रीच्या धावसंख्येवरच डाव घोषित केला होता, म्हणजे गडी हातात असतानाच फलंदाजी थांबवली होती. आघाडी 343. बांगलादेश 213 धावांत सर्वबाद, आणि तिसऱ्याच दिवशी सामना एक डाव 130 धावांनी खिशात.

त्या सामन्यात पावसाचा धोका नव्हता. तरी ही गोष्ट इंदूरच्या त्या सकाळपासूनच सांगायला हवी, कारण डाव घोषित करण्यात खर्च कशाचा होतो, हे तिथं स्वच्छ दिसतं. खेळ चालू असताना डाव घोषित केला की मधे 10 मिनिटं जातात आणि दिवसाच्या हिशेबातून 2 षटकं वजा होतात. तोच निर्णय उपाहाराला, चहापानाला किंवा रात्रीतून घेतला तर एकही षटक जात नाही. शिवाय सकाळचा पहिला तास गोलंदाजांच्या वाट्याला येतो. कोहलीनं त्या सकाळी 50 धावा सोडल्या असतील, पण तो तास घेतला. मला विचाराल तर सौदा फारच स्वस्तात झाला.

(दृश्य: आच्छादन ओढत नेणारे मैदानावरचे कामगार. काळे ढग.)

आता या चित्रात पाऊस आणूया.

समजा, चौथा दिवस आहे, चहापान झालंय. तुमची आघाडी 340. आज 30 षटकं शिल्लक, उद्या 90, म्हणजे एकूण 120. हवामान खातं सांगतंय, उद्या दुपारी पाऊस. त्यात 35 षटकं वाहून जातील असं धरू. चहापानालाच डाव घोषित केलात, तर समोरच्यांना 85 षटकांत 341 धावा हव्यात. षटकामागे जेमतेम 4. हे लक्ष्य खुणावतं. फलंदाज फटके मारायला जातो, चुकतो, आणि शेवटच्या पाच षटकांसाठी तुमच्या हातात 80 षटकांनंतर मिळणारा दुसरा नवा चेंडूही येतो.

याउलट, जिवाला धास्ती म्हणून तुम्ही आणखी 10 षटकं खेळलात आणि 50 धावा जोडल्यात. ती 10 षटकं गेली, डाव बदलायची 2 गेली, पावसात 35 गेली. उरली 73 षटकं, हव्यात 391 धावा. षटकामागे सव्वापाचाच्याही वर. आता समोरचा संघ जिंकायचा विचारच सोडून देतो. चेंडू सोडायचे, पॅडवर घ्यायचे, घड्याळाकडे बघायचं. नवा चेंडू मिळायच्या आत खेळ संपतो. जोडलेल्या त्या 50 धावांनी तुमचा पराभव टळला खरा, पण तो तसाही फार लांब होता. टळला तो विजय.

इथंच बहुतेक कर्णधार चुकतात असं मला वाटतं. पाऊस आपली गोलंदाजीची षटकं खातो, हे त्यांना दिसतं. तोच पाऊस समोरच्यांची फलंदाजीची षटकंही खातो, हे मात्र नजरेतून सुटतं. पावसाची शक्यता असताना हरायचा धोका कमीच होतो. मग आघाडी कमी असली तरी चालायला हवी. प्रत्यक्षात कर्णधार नेमकं उलटं करतो: आभाळ भरून आलं की अजून थोड्या धावा गाठीला बांधतो.

(दृश्य: रामबागेतलं एक घर, टीव्हीसमोर बसलेली मंडळी.)

जुलै 2025मध्ये बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर शुभमन गिलचा संघ दुसऱ्या डावात धावांमागून धावा काढत होता, तेव्हा रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात एकच वाद रंगला असणार. पुतण्या म्हणणार, “काका, अजून शंभर काढू देत. हे इंग्लंडवाले काहीही करू शकतात.” काका म्हणणार, “अरे बाबा, धावा भरपूर झाल्यात. उद्या तिकडे पाऊस आहे. गडी बाद कधी करणार?”

पुतण्याची भीती अगदीच खोटी नव्हती. याच मैदानावर 2022मध्ये इंग्लंडनं भारताविरुद्ध 378 धावांचं लक्ष्य फक्त तीन गडी गमावून गाठलं होतं. आणि दोनच आठवड्यांपूर्वी हेडिंग्लीवर 371चं. गिलनं स्वतः 269 आणि 161 धावा काढल्या, 6 बाद 427वर डाव घोषित केला आणि इंग्लंडपुढे 608 धावांचं लक्ष्य ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस आलाच. खेळ उशिरा सुरू झाला. आकाश दीपनं 99 धावांत 6 बळी घेतले म्हणून भारत 336 धावांनी जिंकला, आणि एजबॅस्टनवरचा भारताचा हा पहिलाच कसोटी विजय ठरला.

जिंकल्यावर कुणी हिशेब मागत नाही. पण माझं मत त्या काकांच्याच बाजूचं आहे. कसोटीच्या इतिहासात चौथ्या डावात यशस्वी झालेला सर्वांत मोठा पाठलाग 418 धावांचा, वेस्ट इंडीजचा, अँटिग्वात, 2003 साली. 608 त्याच्या 190 धावा पुढे. त्यातल्या शेवटच्या शंभर धावांनी भारताला काहीच मिळवून दिलं नाही. पाऊस आणखी दोन तास रेंगाळला असता, तर त्या शंभर धावा आयुष्यभर बोचल्या असत्या.

तशा त्या बोचल्याही आहेत. एप्रिल 2009, वेलिंग्टन. धोनीच्या संघानं दुसऱ्या डावात 7 बाद 434पर्यंत मजल मारली आणि न्यूझीलंडला 617 धावांचं आव्हान दिलं. शेवटच्या दिवशी न्यूझीलंड 8 बाद 281 असताना पावसानं सामना संपवला. दोन गडी! मालिका भारतानं 1-0 अशी जिंकली, म्हणून फारशी बोंब झाली नाही. पण ते दोन गडी आजही डोळ्यांपुढून जात नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हेडिंग्ली, 2001. स्टीव्ह वॉ जायबंदी, म्हणून ऑस्ट्रेलियाची धुरा अ‍ॅडम गिलख्रिस्टकडे. पाऊस आणि अंधुक प्रकाशात वेळ वाया गेल्यावर त्यानं 4 बाद 176वर डाव घोषित केला आणि इंग्लंडला 315 धावांचं लक्ष्य दिलं. शेवटच्या दिवशी आभाळ निवळलं, मार्क बुचर नाबाद 173 धावांची खेळी खेळला आणि इंग्लंड सहा गडी राखून जिंकलं. गिलख्रिस्टला खूप बोल लागले. मला मात्र तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. मालिका आधीच जिंकलेली, मग अनिर्णित सामन्यासाठी कशाला खेळायचं?

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

खेळपट्टी झाकली जात नसे त्या काळी हा खेळ आणखी अवघड होता. 1937 सालचं मेलबर्न. पाऊस पडला, खेळपट्टीवर चेंडू वाटेल तसा उसळू लागला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमननं 9 बाद 200वर डाव घोषित केला, तो इंग्लंडला त्या चिखलात खेळायला लावायला. इंग्लंडचा कर्णधार गबी अ‍ॅलनलाही तेच करायचं होतं, पण त्यानं 9 बाद 76पर्यंत वाट पाहिली. तोवर उशीर झाला होता. ब्रॅडमननं तळाच्या फलंदाजांना सलामीला पाठवलं, खेळपट्टी वाळू दिली, मग स्वतः सातव्या क्रमांकावर येऊन 270 धावा काढल्या. ऑस्ट्रेलिया 365 धावांनी विजयी.

तेव्हा पाऊस खेळपट्टीत मुरायचा. आता आच्छादनं आहेत, त्यामुळे तो फक्त वेळ खातो. नियमांतही त्याची नोंद आहे: पाच दिवसांच्या सामन्याचा पहिला दिवस पूर्ण वाया गेला, तर फॉलोऑनसाठी, म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्यासाठी, 200ऐवजी 150 धावांची आघाडी पुरते.

आमच्या इंदूरकरांना वेळ मुबलक असतानाचं क्रिकेटही ठाऊक आहे. 1945-46च्या रणजी उपांत्य सामन्यात याच गावात कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघानं म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912वर डाव घोषित केला. एका डावात सहा शतकं: भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रताप सिंग आणि स्वतः नायडू. त्याच्या आदल्याच मोसमात अंतिम सामन्यात मुंबईनं होळकरांपुढे 867 धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. होळकरांकडून खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टननं नाबाद 249 धावा केल्या, तरी होळकर 374 धावांनी हरले.

एक आठवण सांगताना जीवावर येतं. सेंच्युरियन, जानेवारी 2000. मधले तीन दिवस पावसात गेले. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएनं पुढाकार घेतला, दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून दिला आणि इंग्लंड दोन गडी राखून जिंकलं. पावसावर मात करणारा कर्णधार म्हणून आपण त्याचं कौतुक केलं. त्यामागे सट्टेबाजाकडून घेतलेले पैसे होते, हे नंतर कळलं. धाडसी निर्णयाकडे लोक संशयानं बघू लागले, ते तेव्हापासून.

(दृश्य: कानपूर, ग्रीन पार्क. ओलं मैदान.)

म्हणून कानपूरची कसोटी मला इतकी मोलाची वाटते. सप्टेंबर 2024. पहिल्या दिवशी 35 षटकं, दुसरा आणि तिसरा दिवस कोरा. तिसऱ्या दिवशी तर पाऊस नव्हता, नुसतं मैदान ओलं होतं. चौथ्या दिवशी बांगलादेश 233वर सर्वबाद. इथून कुठलाही कर्णधार निवांत फलंदाजी करून सामना अनिर्णित राखतो. रोहित शर्मानं वाट्याला आलेले पहिले दोन चेंडू सीमेपार षटकारासाठी भिरकावले. 3 षटकांत 50 धावा. यशस्वी जैस्वाल 51 चेंडूंत 72, राहुल 43 चेंडूंत 68. 34.4 षटकांत 9 बाद 285, आणि डाव घोषित. आघाडी किती, तर 52!

बावन्न धावांच्या आघाडीवर डाव घोषित करायला छाती लागते. रोहितला धावा नको होत्या, त्या संध्याकाळची षटकं हवी होती. ती मिळाली आणि अश्विननं दोन गडी टिपले. पाचव्या दिवशी बांगलादेश 146वर आटोपलं. 95 धावांचं लक्ष्य भारतानं तीन गडी गमावून 17.2 षटकांत गाठलं. अडीच दिवस हातचे गेलेला सामना जिंकताना भारतानं दोन्ही डाव मिळून फलंदाजी केली ती फक्त 52 षटकं.