ब्लू टिक आली, रिप्लाय नाही

रात्रीचे पावणेबारा. खोलीत अंधार, मोबाईलचा उजेड तेवढा चेहऱ्यावर पडलाय. तो रील्स बघत नाहीये, गेम खेळत नाहीये, एकच चॅट उघडून बसलाय. नावाखाली 'टायपिंग' येतं, जातं, परत येतं, मग काहीच नाही. मग लास्ट सीन. आणि याच्या मेसेजखाली दोन निळ्या टिका.

भांडण झालेलं नाही बरं का. कुणी कुणाला वाकडं बोललेलं नाही. तरी याची झोप उडालीय.

गंमत म्हणजे जगातला पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, कॉम्प्युटरवरून, आणि त्यात फक्त 'मेरी ख्रिसमस' असं लिहिलं होतं. त्याला रिप्लाय आलाच नाही, कारण ज्या फोनवर तो पोचला त्यावरून परत मेसेज पाठवायची सोयच नव्हती. पण त्यावरून कुणी रुसलं असेल असं काही वाटत नाही.

तेव्हा उत्तर आलं नाही तर शंभर कारणं असायची. पोचलं नसेल, फोन दुसऱ्याच कुणी उचलला असेल, विसरला असेल बिचारा. ती कारणं खरी असोत नसोत, त्यावर नातं निभावून जायचं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअॅपने ब्लू टिक आणली आणि ही सगळी कारणं एका फटक्यात गेली, कारण आता पुरावाच आहे ना, वाचलंस आणि गप्प बसलीस. लोकांनी एवढी बोंब मारली की ती बंद करायची सेटिंग लगेच द्यावी लागली. पण त्यातही मेख अशी की तुम्ही तुमची बंद केली की तुम्हाला समोरच्याची पण दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये तर ती बंद होतच नाही. वर, बंद केली तर नवीन प्रश्न, का रे बाबा, काय लपवतोयस?

मग सुरू होतात युक्त्या. मेसेज न उघडता वरच्या वर नोटिफिकेशनमध्येच वाचायचा, फ्लाइट मोड लावून वाचायचा, आणि मी पण लगेच नाही देणार रिप्लाय, वीस मिनिटं थांबणार, उगाच फार मोकळी दिसायला नको.

आता तो दर दोन मिनिटांनी फोन का उचलतोय? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर, कबुतरांवर प्रयोग केले होते, त्यात असं दिसलं की बटण दाबल्यावर कधी दाणा मिळतो कधी नाही असं ठेवलं तर प्राणी दाबतच राहतो, दाणा बंद झाला तरी बराच वेळ सोडत नाही. रिप्लाय हा तसलाच दाणा. त्यामुळे 'आजकालच्या मुलांना कंट्रोलच नाही' हे मला पटत नाही. असं म्हणणाऱ्या काका-मावश्यांचं फॅमिली ग्रुपवर काय चालतं बघा एकदा, वाढदिवसाला कुणी विश केलं नाही याची यादी तोंडपाठ असते.

स्नॅपचॅटवर तर मैत्रीचे दिवसच मोजले जातात. स्ट्रीक. दोघांनी चोवीस तासांत एकमेकांना स्नॅप पाठवायचाच, नाहीतर आकडा गेला. मग काय पाठवतात? छताचा फोटो. काळोखाचा फोटो. परीक्षा आली की पासवर्ड तिसऱ्याला देऊन जातात, तू तेवढी माझी स्ट्रीक सांभाळ. म्हणजे बोलायला काहीच नाही, मैत्री मात्र दोनशे दिवस अखंड चालू.

सकाळी सात वाजता तिचा मेसेज येतो. 'अरे झोप लागली, सॉरी.'

तो लांबलचक काहीतरी लिहितो. खोडतो. परत लिहितो, परत खोडतो. तिकडे ती चार मिनिटं त्याचं 'टायपिंग' बघत बसलीय.

शेवटी येतं, 'ओके.'

ती स्क्रीनशॉट काढते आणि मैत्रिणीला पाठवते, 'ओकेपुढे फुलस्टॉप दिलाय बघ, चिडलाय का गं हा?'