कशाने मोजलं?

(दादरमधल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘विज्ञानाची बातमी कशी लिहावी’, आणि मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण आधी एका आठवड्याबद्दल बोलते, कारण माझं जे काही मत आहे ते त्या आठवड्यात तयार झालं.

मे २०२४. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपवून मी एका दैनिकात दोन महिने विज्ञानलेखनाची इंटर्न म्हणून लागले होते. डोंबिवलीहून यायचे. डोंबिवलीचे किती जण आहेत इथे? बघा, निम्मा हॉल! मग लोकलबद्दल काही सांगायला नको.

१० मेच्या रात्री सूर्याकडून निघालेले विद्युतभारित कणांचे लोट पृथ्वीवर येऊन आदळले. लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. अशा लोटांमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात खळबळ होते, तिला चुंबकीय वादळ म्हणतात. २००३ नंतर इतकं जोरदार चुंबकीय वादळ झालं नव्हतं. शनिवारी सकाळी डेस्कवर मला सांगितलं, चारशे शब्द दे. मी जीव ओतून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: जमिनीवरच्या वेधशाळांमधल्या चुंबकमापकांनी पृथ्वीच्या चुंबकत्वात सुमारे ४०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं एकक) घट नोंदवली, म्हणजे मुंबईत असतं त्याच्या साधारण एक टक्का. रविवारी अंक हातात घेतला. मथळा होता, ‘महावादळ धडकलं!’ पान लावताना जागा कमी पडली म्हणून चुंबकमापकाचं वाक्य उडालं होतं. ‘चुंबकीय’ हा शब्दसुद्धा थेट तिसऱ्या परिच्छेदात.

मी काही बोलले नाही. इंटर्न मथळ्यावर बोलत नाही, असं मला वाटायचं.

आणि मग सोमवार, १३ मे. तुमच्यापैकी प्रत्येकाला ती दुपार आठवत असेल. आभाळ पिवळं पडलं, धूळ उठली, समोरची इमारत दिसेना. घाटकोपरला छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. मध्य रेल्वे विस्कळीत. मी ऑफिसातच अडकले होते, तेव्हा शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा विक्रोळीला कामाला. आवाज कापत होता. म्हणाल्या, “अगं, तू काल लिहिलंस ते हेच का गं? अजून किती दिवस आहे?”

मला उत्तर सुचेना. विज्ञान मला येत होतं. ढगातून थंड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि धूळ उचलते, ते धुळीचं वादळ. सूर्याच्या त्या लोटांनी पृथ्वीवरचं एक पानही हलत नाही. पण काकूंनी छापलेलं वाचलं होतं, आणि छापलेल्यात ‘वादळ धडकलं’ एवढंच होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मुलगा रात्री उशिरा सुखरूप आला. पण तो फोन माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही.

मंगळवारी मी वरिष्ठांना सांगितलं, मला हे पुन्हा लिहायचंय. ते ‘लिही’ म्हणाले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बुधवारी ठाण्याहून गाडी बदलून पनवेल गाठलं. कळंबोलीला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथल्या एका मॅडमनी मला त्या रात्रीच्या चुंबकत्वाच्या आलेखासमोर बसवलं आणि पहिला प्रश्न मलाच विचारला, “ही रेघ कशाने काढली, माहितीये?” तिथून आमचं बोलणं दीडशे वर्षं मागे गेलं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण हे आपल्या मुंबईचं आहे. कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातलं सर्वांत गाजलेलं चुंबकीय वादळ झालं, तेव्हा युरोपातली बरीच यंत्रं त्या धक्क्याने मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी आकडे वाचत होती, हाताने वहीत लिहीत होती. घट सुमारे १६०० नॅनोटेस्लांची. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर नव्याने काढला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह जवळून गेला की चुंबकमापकाचे आकडे बिघडलेच समजा. तेव्हा नानाभाई मूस वेधशाळेचे प्रमुख होते. चुंबकीय कामासाठी अलिबागला नवी वेधशाळा बांधली, तीही चुंबकत्व नसलेल्या दगडात. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेतलं, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये. ट्राम १९०७ मध्ये धावली. आज त्या ट्रामही नाहीत, पण अलिबागच्या नोंदी चालूच आहेत. मॅडम हे सांगत होत्या आणि माझ्या अंगावर काटा येत होता.

आणि कुलाब्याच्या त्याच वेधशाळेची जबाबदारी काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडे होती! ज्यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं, ज्यांच्यामुळे आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो, ते. मराठीतला पहिला पत्रकार चुंबकाच्या नोंदी घेणाऱ्या वेधशाळेत काम करत होता. मग आपल्याच बातमीतून यंत्र का गळतं?

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. तर जे सांगायला आले होते ते भराभर सांगते. विज्ञानाच्या प्रत्येक बातमीत, कितीही छोटी असो, कशाने मोजलं ते आलंच पाहिजे. यंत्राचं नाव आलं की वाचकाला आपोआप कळतं की ही गोष्ट हवेतली आहे, पाण्यातली, की चुंबकत्वाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. पर्जन्यमापक कुठे होता हे लिहिलं नाही, तर ‘मुंबईत इतका पाऊस’ या वाक्याला काय अर्थ उरतो? दुसरं, ‘वादळ’, ‘लाट’, ‘स्फोट’ असे उसने शब्द मथळ्यात एकटे सोडू नका. ‘चुंबकीय’ला चार अक्षरांची जागा लागते, तेवढी काढा. तिसरं, आकडा दिला तर शेजारी ओळखीचं माप द्या. फ्रीजवर चिकटवलेला चुंबक त्या रात्रीच्या घटीपेक्षा हजारो पटींनी जोरदार असतो. हे एक वाक्य रविवारी छापून आलं असतं, तर काकूंना फोन करावा लागला नसता. आणि इंटर्न मुलामुलींनो, मथळ्यावर बोला. त्याच दिवशी बोला.

गुरुवार-शुक्रवार लिहिण्यात गेले. शनिवारी लेख छापून आला, आतल्या पानावर, पण आलेखासकट. संध्याकाळी काकू अंक घेऊन घरी आल्या. आलेखातल्या खाली कोसळणाऱ्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “आणि ही परत वर कधी आली गं?” आम्ही दोघी अर्धा तास त्यावर बोलत बसलो.

तो आलेख मी आणलाय. मागच्या टेबलावर आहे, चहा घेताना नक्की बघा.